तिसरं वांगं

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मंडईत वांग्यांचा रुबाब पाहावा. चातुर्मास पाळणाऱ्यांनी चार महिने वाळीत टाकलेलं हे फळ त्या दिवशी एकदम जावयासारखं पुढे येऊन बसतं. आमच्या नेहमीच्या मावशींच्या गाळ्यावर त्या दिवशी भरायच्या वांग्यांची एक तिरकी रांग होती. सात वांगी, देठं एका अंगाला, वरून पाण्याचा हात फिरवलेला. पंगत बसली आहे आणि आता वाढपी यायचा तेवढा राहिला आहे, असा थाट. उंच छपरातून येणारा सकाळचा उजेड नेमका त्यांच्या पाठीवर पडला होता. मी कॅमेरा काढला, फोकसचा चौकोन तिसऱ्या वांग्यावर ठेवला आणि बटण दाबलं.

घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर तिसरं वांगं धुक्यात आणि चौथं असं लख्ख, की देठाचा काटा बोटाला टोचावा. पुढचा फोटो पाहिला. दुसऱ्यावर नेम धरला होता, तिसरं उठून दिसत होतं. पहिल्यावर धरला होता, दुसरं. माझी लेन्स पंगतीतल्या त्या पाहुण्यासारखी वागत होती, ज्याला आपल्या पानापेक्षा शेजारच्याच्या पानात काय पडलं यातच जास्त रस असतो.

त्याच दिवशी मी मावशींचाही एक फोटो काढला होता. त्यात मावशींचा चेहरा सायीसारखा मऊ आला होता, आणि त्यांच्या डोक्यामागे वीतभर अंतरावर टांगलेला प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद अक्षर न् अक्षर वाचता येत होता. तो त्यांच्या वजनकाट्याच्या पडताळणीचा दाखला होता. बारा वर्षं मी त्या गाळ्यावर भाजी घेतोय, पण तो दाखला मी पहिल्यांदा वाचला तो माझ्या बिघडलेल्या लेन्सच्या कृपेने.

लेन्स मामाची. ८५ मिलिमीटरची, १९९४ साली त्याने सिंगापूरहून आणलेली. मामा गेल्यावर मामीने ती मला दिली, सोबत एक वाक्यही दिलं : ‘तो हिला कुणाला हात लावू द्यायचा नाही.’ पुण्याच्या तीस पावसाळ्यांनी मात्र हात लावला होता. आतल्या एका काचेवर बुरशीची बारीक जाळी धरली होती. मश्रूमचं पाकीट मंडईत पैसे मोजून मिळतं. आमच्या कपाटात ते फुकट उगवलं. कॅमेराही काही तरुण नाही, २००९ सालचा. म्हणजे दोघंही तशी निवृत्तीच्या वयातली, आणि दोघांचं एकमेकांशी पटेनासं झालेलं.

या आजाराला ‘बॅक फोकस’ म्हणतात. आमच्या जातीच्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारा वेगळा आणि चित्र टिपणारा वेगळा. लेन्समधून आलेल्या उजेडातला थोडा वाटा आरशातून खाली वळवून मोजणाऱ्याला देतात. तो म्हणतो, ‘इथे थांब.’ लेन्स तिथे थांबते. मग आरसा उचलला जातो आणि चित्र मागच्या सेन्सरवर पडतं. मोजणी एकाने करायची, परिणाम दुसऱ्याने भोगायचे, ही व्यवस्था घराघरांत असते, कॅमेऱ्यातही आहे. दोघांच्या अंतरात सेन्सरपाशी एका केसाच्या जाडीइतका फरक पडला, की दीड मीटरवर तो जवळपास दोन सेंटिमीटर होतो. आणि माझ्या लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं तर त्या अंतरावर स्वच्छ दिसणारा पट्टाच दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा. त्यात भरायचं वांगंसुद्धा अख्खं मावत नाही, भरताच्या वांग्याची तर गोष्टच सोडा. माझी लेन्स एक पूर्ण वांगं चुकत होती, म्हणजे आत कुठेतरी दोन-अडीच केस आडवे आले होते. स्वतःच्या डोक्यावर जे उरले नाहीत ते लेन्समध्ये निघावेत, याला नशीब म्हणतात.

महागड्या कॅमेऱ्यांत यावर घरगुती उपाय असतो. मेनूत जाऊन उणे वीस ते अधिक वीस यांच्यामध्ये आकडा फिरवायचा, झालं. माझ्या कॅमेऱ्यात तो मेनू नाही. म्हणून लेन्स घेऊन मी अधिकृत दुरुस्ती केंद्रात गेलो. केंद्राचं नाव सांगत नाही. मला अजून तिथे जायचं आहे.

काउंटरवरच्या मुलाने लेन्स हातात घेतली आणि आजोबांना रस्ता ओलांडून देताना आवाज काढतात तसा आवाज काढला. “सर, बॉडी कुठाय?”

“बॉडी घरी. दुखणं लेन्सचं आहे.”

“तसं नाही घेत, सर. दोघांना बरोबर आणा.”

“का? सत्यनारायणाला बसवायचंय?”

तो हसला नाही. पण त्याने जे समजावलं ते मला मनापासून पटलं. लेन्स कारखान्यातून निघते तेव्हा तिला थोडी चूक माफ असते. कॅमेऱ्यालाही थोडी माफ असते. दोघं आपापल्या माफीत असतात. पण एकाची चूक आणि दुसऱ्याची चूक एकाच दिशेला पडली, की बेरीज होते आणि संसार बिघडतो. विरुद्ध दिशेला पडली, तर दोन चुकीची माणसं पन्नास वर्षं सुखाने नांदतात. मुलगा चांगला, मुलगी चांगली, मग असं कसं झालं, या प्रश्नाचं इतकं शास्त्रशुद्ध उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जोडीला घेऊन गेलो. अर्ज भरला. ‘वस्तूची सध्याची किंमत’ या रकान्यात काय लिहावं कळेना. मामा लिहावंसं वाटलं, ‘८,०००’ लिहिलं. तीन आठवड्यांनी जोडी परत आली. सोबत तपासणीशुल्काचं बिल, हजार रुपये अधिक अठरा टक्के, एकूण १,१८०, आणि एका ओळीचा अहवाल : उत्पादन ठरलेल्या मर्यादेत आहे.

“मर्यादा किती आहे?” मी विचारलं.

“ते कंपनीचं इंटर्नल असतं, सर.”

“म्हणजे माझी लेन्स किती चुकली तर चालते, हे मला कळणार नाही?”

“तुम्हाला फरक जाणवतोय का?”

“एका वांग्याचा.”

“सर?”

मी पिशवीतून फोटोंच्या प्रती काढल्या. सात वांगी, प्रत्येकावर एकेकदा नेम, खाली स्केचपेनने क्रमांक. जगभरचे लोक लेन्स तपासायला तिरक्या पट्टीचा छापील तक्ता वापरतात. मी देशी तक्ता केला होता. त्या मुलाने सातही फोटो शांतपणे पाहिले, आत गेला, बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि म्हणाला, “फुल कॅलिब्रेशन करावं लागेल. क्लीनिंगसकट पाच हजार प्लस टॅक्स.” मग आवाज खाली आणून, घरच्या माणसाने सांगावं तसं, “खरं सांगू का सर, मिररलेस घ्या. त्यात आरसाच नसतो. सेन्सरच मोजतो, हा प्रॉब्लेमच येत नाही.”

“आणि ही लेन्स?”

“ही त्याच्यावर बसेल ॲडॉप्टर लावून. पण ऑटोफोकस नाही होणार. हिला बॉडीतली मोटर लागते.”

म्हणजे आजार जाणार होता, पण पेशंटला धरून.

घरी येऊन बायकोला आकडा सांगितला. ती म्हणाली, “आठ हजारांच्या वस्तूला सात हजार ऐंशी?” आणि परत भाकरी थापायला लागली. एवढंच. पण त्या थापण्याचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा होता.

या वेडात मी एकटा नाही, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. जुन्या काचेला नव्या कॅमेऱ्यापुढे हजर करायला पैसे मोजणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. निकॉनने १९५९ साली आणलेला माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स चढवायची खाच, वर्षानुवर्षं टिकवला. पण त्यात लेन्स चढवली की तिची रिंग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला फिरवून कॅमेऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागे. कुलूप लावल्यावर आपण दोनदा ओढून पाहतो, तसं. १९७७ साली कंपनीने ही कटकट संपवणारी नवी पद्धत आणली, आणि जुन्या लेन्सची रिंग पैसे घेऊन बदलून द्यायचीही सोय केली. लाइकाची तऱ्हा आणखी खानदानी. २००६ साली त्यांचा पहिला डिजिटल एम कॅमेरा आला, तेव्हा नव्या लेन्सच्या बुडाशी काळ्या-पांढऱ्या सहा ठिपक्यांची खूण आली, म्हणजे कोण चढलंय हे कॅमेऱ्याला वाचता यावं. ज्यांच्याकडे थोरल्या पिढीतल्या बिनठिपक्यांच्या लेन्स होत्या त्यांनी त्या जर्मनीला धाडून, दाम मोजून ठिपके काढून आणले. आणि त्याच जातीच्या काही चतुर मालकांनी काळ्या मार्करने ते घरीच रंगवले, आणि कॅमेऱ्याने ते चालवूनही घेतले! लाखांच्या लेन्सला दहा रुपयांच्या पेनने टिकली लावणारी ही माणसं मूळची सदाशिव पेठेतली असणार, असा माझा संशय आहे.

लेन्स दुरुस्तीला गेली आणि माझ्या हातात मावशींचा तो फोटो राहिला. म्हणजे तो दाखला राहिला. एके दिवशी विचारलंच.

“मावशी, हा कागद कसला?”

“काट्याचा. वजनमापेवाल्यांचा. दर साली पासिंग करून आणावं लागतं.”

“तुमचा काटा बिघडतो?”

“काटा नाही बिघडत हो, माणूस बिघडतो. म्हणून कागद.”

चौकशी केली तेव्हा कळलं, की बाजारात वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वर्षातून एकदा फेरपडताळणी करून घ्यायची, लोखंडी वजनांची दोन वर्षांतून एकदा, असा २०११चा नियमच आहे. जुन्या वजनांच्या बुडाला एक खोबण असते आणि तिच्यात शिसं भरलेलं असतं. वजन झिजून हलकं झालं, की शिशाची भर घालून ते पुरतं करायचं आणि त्या शिशावरच शिक्का मारायचा. माझ्या लेन्सखाली तंत्रज्ञ कागदासारख्या पातळ चकत्या सरकवणार होता. मावशींच्या वजनाखाली शिसं. कारागिरी एकच, फक्त एकीला कॅलिब्रेशन म्हणतात आणि दुसरीला पासिंग.

त्या शिक्क्याची वंशावळही पाहण्यासारखी आहे. मावशींचा काटा निरीक्षकाच्या वजनाशी पडताळायचा, निरीक्षकाचं वजन वरच्या प्रयोगशाळेतल्या वजनाशी, ते त्याहून वरच्याशी. असं करत करत गाडी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोहोचते. तिथे किलोची अधिकृत प्रत आहे, क्रमांक ५७. तिची आई पॅरिसजवळ सेव्हर इथे, काचेच्या झाकणांखाली. २० मे २०१९ पर्यंत जगातला किलो म्हणजे तो एकच धातूचा तुकडा होता. आता तो निसर्गाच्या एका स्थिरांकावर सोपवला आहे. म्हणजे मावशी पावशेर वांगी तोलतात तेव्हा मागे एवढं गोत्र उभं असतं. माझ्या लेन्सच्या अहवालामागे कोण उभं होतं, हे मात्र इंटर्नल होतं.

पावशेर हाही मजेचा शब्द. शेर ऐंशी तोळ्यांचा, आजच्या भाषेत ९३३ ग्रॅम. त्याचा पाव म्हणजे २३३. १९५८च्या ऑक्टोबरपासून देशात मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने आली आणि सगळ्या बाजाराने जुनी वजनं टाकून पदरच्या पैशाने नवी घेतली. इतकं मोठं अपग्रेड कुठल्याही कॅमेरा कंपनीला जमलेलं नाही. तरी आजही आपण मागतो पावशेर आणि घरी आणतो अडीचशे ग्रॅम. माउंट बदलला, पण जिभेने जुनीच लेन्स चालवून घेतली.

खर्च करावा की करू नये, हा वाद तर आमच्या मंडईला जन्मापासूनच चिकटलेला आहे. मंडईची ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ साली उघडली तेव्हा गव्हर्नरांच्या नावाने तिला ‘रे मार्केट’ म्हणत. त्याआधी १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांचा विरोध होता. तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे पुणेकरांनी त्याच इमारतीला त्यांचंच नाव दिलं. आमच्या घरीही हे घडणार, याची मला खात्री आहे. लेन्स नीट होऊन आली, की बायको पाहुण्यांना सांगणार, ‘मीच म्हटलं, करून घ्या.’

मंडईत मी स्कूटर लावतो ते आर्यनच्या वाहनतळावर. तिथे पूर्वी आर्यन सिनेमा होता. १९२० साली त्या पडद्यावर बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ झळकला, आणि तो ज्या कॅमेऱ्याने टिपला तो कोल्हापुरात घरी घडवलेला होता. भाऊ आनंदराव ते काम अर्धवट ठेवून गेले. बाबूराव आणि त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांनी ते १९१८ साली पुरं केलं. परदेशी कॅमेरा समजून घेऊन इथेच तयार केलेला. त्यांना कुणी ‘ठरलेल्या मर्यादेत’ असा कागद दिला नव्हता. मर्यादा म्हणजे पडदा, आणि तपासनीस म्हणजे तिकीट काढून बसलेलं पुणं. याहून कडक कॅलिब्रेशन जपानातही होत नसेल. आज त्या जागी आरशांत पाहून स्कूटर मागे घेताना मी शेजारच्या मोपेडला हटकून थोबाडतो. बॅक फोकसचा वारसा फक्त लेन्सकडेच आहे असं नाही.

दीड महिन्याने लेन्स आली. आतली जाळी गेली होती, काच पहाटेसारखी स्वच्छ. ५,९०० रुपये भरले आणि तडक मंडई गाठली. मावशींना सांगून वांगी रांगेत लावून घेतली. त्या म्हणाल्या, “दादा, तुमच्या घरी वांगी खात्यात का नुसते फोटू?” मी उत्तर न देता तिसऱ्या वांग्यावर चौकोन ठेवला आणि बटण दाबलं. पडद्यावर मोठं करून पाहिलं. तिसरं! देठावरची लव दिसत होती, सालीवरचा पाण्याचा थेंब दिसत होता, थेंबात वरचं छप्पर दिसत होतं. आणि थेंबाच्या खाली, देठाच्या कडेला, टाचणीच्या टोकाएवढं एक भोक दिसत होतं.

मी कॅमेरा मावशींपुढे धरला. “बघा, कसं स्पष्ट आलंय!”

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग काही न बोलता रांगेतलं तिसरं वांगं उचललं, मागच्या टोपलीत टाकलं आणि त्या जागी दुसरं ठेवलं. “किती लागलं याला?”

“सात हजार ऐंशी.”

मावशींचा हिशेब काट्याहून जलद. “साठच्या भावाने एकशे अठरा किलो वांगी आली असती, दादा. अन् किडकं मी तसंच सांगितलं असतं.”

मग पावशेर वांगी तोलली. काटा २५५ दाखवत होता. पाच ग्रॅम त्यांनी माफ केले, आणि वर चार मिरच्या, कोथिंबिरीची काडी पिशवीत टाकली. ती काही तोलली नाही. दिल्लीच्या क्रमांक ५७ ला त्या कोथिंबिरीची खबर नसावी.

निघताना त्यांचा नव्याने एक फोटो काढला. या वेळी चेहरा अचूक. कपाळावरच्या रेघा, गोंदण, कानामागे अडकवलेली पांढरी बट, सगळं जिथल्या तिथे. मागचा दाखला मात्र पांढऱ्या धुक्यात विरघळलेला. दोन्ही फोटो छापून आठवड्याने नेऊन दिले. मावशींनी नवा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “ही कोन म्हातारी?” म्हणाल्या, आणि तो गल्ल्याखाली सरकवला. जुना मात्र पदराने पुसला.

“हा चांगलाय. ह्यात मी बी बरी दिसते अन् सरकारचा शिक्काबी वाचता येतो.”

आता मंडईत त्या गाळ्यावर काट्यामागे दोन पिशव्या टांगलेल्या आहेत. एकीत दाखला, दुसरीत माझा फोटो. दाखल्यावर पुढच्या पडताळणीची तारीख आहे. फोटोवर काही नाही. गिऱ्हाईक तो पाहून विचारतं, “कुणी काढला हो?” तेव्हा मावशी माझ्याकडे बोट दाखवतात आणि वर सांगतात, “भिंग बिघडलेलं होतं तवाचा आहे. आता नाही तसा येत.”

आणि मी, सात हजार ऐंशी रुपयांचा धनी, मान खाली घालून कोथिंबीर निवडत उभा असतो.